मला सतरा पडले होते

सरांनी माझा पेपर सगळ्या वर्गाला दिसेल असा वर धरला आणि विचारलं, "सतरा? तुला? कुणाचं बघितलंस?"

वीसपैकी सतरा. बी.ए. पहिल्या वर्षाची समाजशास्त्राची पूर्वचाचणी होती. मी म्हणाले, "कुणाचंच न्हाई सर."

मागून कुणीतरी म्हणालं, "ती खिडकीला बसती सर. खिडकीचंच बघितलं असंल."

वर्ग हसला. सरही हसले. मग त्यांनी टेबलावरच्या यादीत माझ्या नावावर बोट ठेवलं.

"तुझं नाव मंद गतीच्या यादीत आहे बाई. तुला आताच सतरा पडले, तर शेवटी मी सुधारणा कशाची दाखवू?"

पेपर चुरगाळून त्यांनी टोपलीत टाकला. एक कोरी प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली.

"बस तिथं. चुका कर. पाचाच्या वर जाऊ नको."

मी बसले. हे लिहायला लाज वाटते, पण मी बसले.

त्या वर्षी कॉलेजात मूल्यांकन समिती येणार होती. विषय शिकून पोरांना काय आलं, ते कागदावर मोजून दाखवायचं होतं. सुरुवातीला एक चाचणी, शेवटी पुन्हा तीच. दोन्हींमधला फरक म्हणजे कॉलेजनं शिकवलेलं. सर त्याला 'आउटकम' म्हणायचे. फरक मोठा दिसायचा असेल तर सुरुवात खाली असली पाहिजे. म्हणून मी खाली पाहिजे होते.

येत असताना चूक करणं फार अवघड असतं. तिसरा प्रश्न होता : जन्मामुळे माणसाला मिळतो तो दर्जा कोणता? अर्पित की अर्जित? अर्पित म्हणजे जन्मानं चिकटलेला, अर्जित म्हणजे स्वतः कमावलेला. त्या पेपरातला माझ्यासाठी सगळ्यात सोपा प्रश्न. माझे वडील लोह्याजवळच्या आमच्या गावात सालगडी आहेत. आजोबाही त्याच मालकाच्या घरी सालगडी होते. मला हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

मी 'अर्जित'वर खूण केली. बापाच्या वाट्याला जन्मानं आलेलं सगळं त्यानं स्वतः कमावलंय, असं मी माझ्या हातानं लिहून दिलं.

शेजारी अश्विनी बसली होती. त्याच मालकाची मुलगी. गावात मी तिला ताई म्हणते. माझे वडीलही तिला ताईच म्हणतात, ती माझ्याच वयाची असून. कॉलेजात नावानं हाक मार, असं तिनंच मला सांगितलं होतं. पण तोंडातून ताईच निघायचं. ती वाकून हळूच म्हणाली, "अगं, टाक ना लिहून. कुठं फाशी देऊन राहिलेत तुला?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला नऊ पडले होते. तिचं नाव प्रगत विद्यार्थ्यांच्या यादीत होतं.

मला चार पडले. सर म्हणाले, "शाब्बास."

कॉलेजात मला मिळालेली ती पहिली शाब्बासकी.

मी 'कमवा व शिका'मध्ये होते. रोज तास संपले की आमचा विभाग झाडायचं काम माझ्याकडे. त्या दुपारी टोपली रिकामी करताना माझा पेपर वर आला. मी तो मांडीवर ठेवून सरळ केला. लाल शाईतले सतरा तसेच होते. पेपर पुस्तकात घातला.

टेबल पुसताना ती यादी उचलली. आधी कधी जवळून बघितली नव्हती. पहिल्या महिन्यात सरांनी नुसती नावं वाचून दाखवली होती. तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याला काहीतरी कमी येत असेल. सर उगाच कशाला म्हणतील? म्हणून एसटीत, लोहा ते नांदेड आणि परत, मी ते पुस्तक दोनदा वाचून काढलं होतं. ते सतरा तिथून आले होते.

यादीवर तारीख होती. प्रवेशाच्या आठवड्यातली. तेव्हा एक तासही झाला नव्हता. चाचणी तर लांबच. नावांपुढं प्रवेश अर्जातून उतरवलेला एक रकाना होता. पालकांचे शिक्षण. प्रगत यादीत दहावी, बारावी, डी.एड., पदवी. मंद यादीत निरंक. निरंक. निरंक. वरपासून खालपर्यंत. एकही नाव इकडचं तिकडं झालेलं नव्हतं.

मी फडकं हातात धरून उभी राहिले. जन्मानं दर्जा कसा चिकटतो, हेच सर आम्हाला तासाला शिकवत होते. फळ्यावर लिहून देत होते. आणि इथं टेबलावर त्यांनी तेच केलं होतं.

घरी सांगितलं. बाबा जेवत होते. म्हणाले, "सर म्हणतेत तसं कर माय. शिकल्यालं माणूस हाय, त्याच्या तोंडी लागू न्हाई." मग थोड्या वेळानं विचारलं, "ताईला किती पडले?"

"नऊ."

भाकरी मोडता मोडता त्यांचा हात थांबला.

"मालकाच्या घरी बोलू नको हे," ते म्हणाले. त्यांना आनंद झाला होता. मला तो दिसला. आनंद झाला तरी माझा बाप घाबरला, हे मी विसरू शकत नाही.

मग मंद यादीसाठी विशेष वर्ग झाले. म्हणजे एकाच दिवशी चार फोटो निघाले. सर म्हणाले, "पोरींनो, ओढण्या बदला एकमेकींच्या. पोरांनो, जागा बदला. वेगळा दिवस दिसला पाहिजे." आम्ही बदलल्या. हसत हसत बदलल्या. मीसुद्धा हसले. शिकवलं काहीच नाही.

समिती यायच्या आदल्या दिवशी सभागृहात तालीम होती. उत्तरचाचणीत मला अठरा पडले होते. चारचे अठरा. कॉलेजात सगळ्यात मोठी सुधारणा माझी. म्हणून समितीपुढं मी बोलायचं होतं. सरांनी वाक्य लिहून दिलं होतं : "मला सुरुवातीला काहीच येत नव्हतं. विशेष वर्गांमुळे मी शिकले."

"म्हण," सर म्हणाले.

मी पुस्तकातून तो चुरगाळलेला पेपर काढला.

"सर, मला सतरा पडले होते."

"काय?"

"मला येत होतं सर. मी हे म्हणणार न्हाई."

सर जवळ आले. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत, माहीत आहे ना? आण तो कागद इकडं."

मी दिला नाही. पहिल्या रांगेतून अश्विनी म्हणाली, "अगं दे ना, कशाला वाढवून राहिलीस?"

मी म्हणाले, "तू मधी पडू नको, अश्विनी."

तिचं नाव मी पहिल्यांदा घेतलं. तिचा चेहरा उतरला. सरांच्या धमकीपेक्षा मला त्या चेहऱ्याची जास्त भीती वाटली होती, हे आता कळतं. पण नाव घेऊन झालं होतं.

समितीपुढं दुसरा मुलगा बोलला. वाक्य तेच. टाळ्या वाजल्या. अंतर्गत परीक्षेत मला काठावर पास केलं. विभाग झाडायचं काम दुसऱ्या मुलीला गेलं. त्या आठवड्यात मालकानं बाबांना विचारलं, "पोरगी लई शिकली म्हणं तुझी?" बाबा खाली बघत म्हणाले, "हाव मालक." एवढंच. नाही म्हणाले नाहीत.

जूनमध्ये नवी पोरं येतील. लोह्याकडून एसटीनं उतरतील, गेटजवळ बाकावर अर्ज ठेवून भरतील. पालकांच्या शिक्षणाचा रकाना आला की इकडं तिकडं बघतील. मी त्या बाकावर बसणार आहे. रोज. सरांनी हाकललं तर गेटबाहेर बसेन. प्रत्येकाला माझा पेपर दाखवणार आहे. हा रकाना कुठं जातो ते सांगणार आहे, आणि पहिल्या चाचणीत जे येतं ते लिही, एवढंच सांगणार आहे. कुणी चुका करायला कोरा कागद दिला, तर तो कोराच परत दे.

तिसरा प्रश्न पुन्हा येईल : जन्मामुळे मिळतो तो दर्जा कोणता? या वेळी त्याचं उत्तर वर्गातला एकही जण चुकवणार नाही.