मोत्यासाठी ठेवलेलं तेल

नातीनं कुत्र्याच्या पिसवांसाठी करंजाचं तेल आणलं आणि त्या कडू वासानं मला मूल गावाजवळच्या सासरच्या अंगणात नेऊन बसवलं. मी नवी सून. सासू-सासऱ्यांदेखत नवरा माझ्याशी अवाक्षर बोलत नसे. मोत्याला मात्र मांडीवर घेऊन एकेक पिसू वेचायचा, करंजाचं तेल चोळायचा. धान कांडताना माझा नुसता जळफळाट व्हायचा. मेल्या कुत्र्याचं नशीब!

एकदा सगळ्यांसमोर तो म्हणाला, "मोत्या, पायाले लय भेगा पडल्या रे तुया. उरलं तेल चुलीपाशी ठेवतो, लावून घेजो."

पुन्हा त्याचेच लाड! मी फणकाऱ्यानं वाटी राखेत उपडी केली.

कुत्र्याला कुठल्या भेगा? धानाच्या रोवणीच्या चिखलात फुटल्या होत्या त्या माझ्या टाचा.