तुरट तेवढं कळलं

मला वास येणं बंद झालं ते तापात. ताप चार दिवसांत उतरला, वास काही परत आला नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. गुलटेकडीला दोन खोल्यांत मी एकटा राहतो, निदान आजपर्यंत तरी, आणि स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतो. मुलगा कोथरूडला फ्लॅटमध्ये, "आबा, आता इकडेच या" म्हणून टपलेला. गॅस चालू राहिला तरी मला कळणार नाही, हे त्याच्या कानावर गेलं की माझं बिऱ्हाड त्याच दिवशी टेम्पोत. एकदा दूध जळून पातेलं काळं झालं, तेसुद्धा शेजारणीनं दार वाजवलं तेव्हा मला समजलं. पातेलं मी गुपचूप भंगारात टाकलं.

शाळा माझी चौथीपर्यंत. पण मार्केट यार्डात पाट्या उचलता उचलता मी द्राक्षाच्या गाळ्यावर माल पारखायला बसलो, आणि हातपाय थकेपर्यंत तेच केलं. एक मणी तोंडात टाकला की बागेचं पाणी कधी तोडलं, माल वेलीवरून कधी उतरवला, सांगायचो. व्यापारी आधी माझ्या तोंडाकडे बघायचे, मग भाव बोलायचे. नातीनं हे लहानपणापासून ऐकलेलं. ऐकवणारा अर्थात मीच.

तिचं लग्न ठरलं ते नाशिककडच्या एका घरात. घरचीच बाग, घरचीच वाइन, सगळे त्यातच राबतात. नातीनं तिथे सांगून ठेवलं, "आमच्या आबांसारखी जीभ अख्ख्या पुण्यात नाही." झालं. एका रविवारी दुपारी व्याही, म्हणजे नातीचे होणारे सासरे, कोथरूडला आले ते लाल वाइनची बाटली घेऊनच.

मी निघताना हिंगाची डबी नाकाशी धरली. काही नाही. लिंबाची साल चुरगळली. काही नाही. तरी बस धरली.

व्याह्यांनी ग्लासही बरोबर आणले होते, पोटाला फुगीर आणि खाली काडीएवढा दांडा. सुनेनं चकल्या मांडल्या.

"आबा, दारू म्हणून नाही, माल म्हणून बघा," व्याही म्हणाले. "बाटल्या भरून आत्ता बाजारात काढायचा, का अजून वर्षभर लाकडी पिंपात ठेवायचा, यावरून घरात जुंपलीय. धाकटा भाऊ म्हणतो काढा. मी म्हटलं, आबा सांगतील ते."

त्यांनी ग्लास फिरवून नाक आत घातलं. मग नातीनं. मग मुलानं.

"वा! जांभूळ," मुलगा म्हणाला.

"छे, लवंग," नात म्हणाली. "आबा, तुम्ही सांगा."

मी नाक घातलं. पाण्याच्या तांब्यात घातलं असतं तरी तेवढंच.

"घाई कसली आहे?" मी म्हटलं, आणि घोट घेतला. तोंडभर फिरवला, उठलो, बेसिनमध्ये थुंकलो.

"अहो आबा!" मुलगा ओरडला. सुनेचा चेहरा पडला.

"पारखताना गिळत नसतात. सकाळी पन्नास पाट्या चाखायच्या तर गिळून चालेल?"

व्याही हसले. "आमच्याकडेही थुंकतातच."

जरा धीर आला. दुसरा घोट जास्त वेळ धरला. आंबट होतं, जिभेच्या मुळाशी कडू होतं, आणि हिरड्या आवळत होत्या. ही ओळख जुनी होती.

"बी हिरवी होती," मी म्हणालो. "मणी गोड झाला, पण बी तपकिरी व्हायच्या आधी तोडलात. पावसाला भ्यालात?"

व्याह्यांनी ग्लास खाली ठेवला. नात माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू लग्न मीच मोडलं.

"पाऊस नाही," ते हळूच म्हणाले. "तोडणीची टोळी दुसऱ्या बागेत जाणार होती. आठ दिवस आधी उतरवला."

"मग राहू दे पिंपात. तुरटपणा बसेल."

"आणि वास, आबा? धाकटा तेच म्हणतो. वास आत्ता भरात आहे, वर्षानं उडाला तर?"

'उडत नाही' म्हणून मोकळा झालो असतो तर कुणाला पत्ता लागला नसता. ते माझ्या शब्दावर पिंपं बंद करणार होते. यार्डात मी भावावर खोटं बोललो असेन, मालावर कधीच नाही.

"वासाचं मला विचारू नका," मी म्हणालो. "मला वास येत नाही."

"सर्दी झालीय का?" सून म्हणाली.

"नाही. गेलाय. तापापासून."

मुलगा म्हणाला, "आबा, म्हणजे गॅसचा पण?"

मी चकलीचा तुकडा तोंडात टाकला. तो संपेपर्यंत सगळे थांबले.

"गॅसचा पण."

त्या संध्याकाळी मुलगा मला सोडायला गुलटेकडीपर्यंत आला. एरवी बसस्टॉपवरून परततो. आत शिरून त्यानं आधी रेग्युलेटर बंद केला, मग विचारलं, "सामान काय काय घ्यायचं?"

"माझं काही ठरलेलं नाही."

"आबा."

"नाही म्हटलं ना."

तो खुर्चीत बसून राहिला. मी रेग्युलेटर उघडला आणि दोघांचा चहा टाकला. तो पातेल्याकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे.