नवी काच बसवण्याआधी

ती घटना आजही डोळ्यांसमोर येते, आणि येते ती पिवळ्या रंगात. साताऱ्याच्या घरी दुपारी जेवण झालं की गॅलरीतल्या खुर्चीत माझा डोळा लागतो. मग कुठला तरी डोंगर दिसायला लागतो, त्यावर उधळलेला भंडारा, पायथ्याला उभी असलेली एक पिवळी गाडी. बायको म्हणते, झोपेत तुम्ही "पंच कुठं आहेत?" असं विचारता. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, ते कधी स्वप्नात आले नाहीत. येते ती एका गाडीच्या दाराच्या काचेची केस. कोणाचं नाव सांगणार नाही, गावाचंही नाही.

माझी नेमणूक तेव्हा सांगली जिल्ह्यात, विट्याच्या पलीकडच्या माळावरच्या एका ठाण्यात होती. त्या भागातली बरीच घरं गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं, हे त्यांचं काम. दुकानं देशभर, माणसं वर्षभर परमुलखात, आणि दसरा जवळ आला की सगळी गावाकडे परततात. मग ज्या रस्त्यावर एरवी एसटी आणि मेंढरं एवढंच दिसायचं, तिथं एकापेक्षा एक गाड्या दिसू लागतात. नाकाबंदीला उभा असलेला माझा हवालदार गाड्यांकडे असा बघत राहायचा की, "कागद तपास, गाडी नंतर बघ" असं त्याला दटावावं लागायचं.

त्या वर्षी एका गावानं डोंगरावरच्या देवाला सोन्याचे डोळे करायचं ठरवलं होतं. घराघरातून चिमूट चिमूट सोनं निघालं. कुणी मुलीचं मोडकं डूल दिलं, कुणी सासूची फुली. गावातल्याच एका गलाईवाल्यानं दक्षिणेतल्या आपल्या दुकानात ते गाळून डोळे घडवून घेतले. पातळ, पिंपळाच्या कोवळ्या पानासारखे दोन डोळे. ते गावी आणायचं काम त्यानं मुलावर सोपवलं आणि स्वतः आधी येऊन यात्रेच्या तयारीला लागला. मुलगा पंचविशीचा. त्यानं डोळे आणले ते नव्या स्पोर्ट्स कारमधून. दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी गाडी. दाराच्या काचेला चौकट नव्हती. दार उघडलं की नुसती काच वर उभी राहायची.

यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी बाप-लेक ठाण्यात आले. लेकाची फिर्याद अशी: काल संध्याकाळी गावात शिरण्याआधी डोंगराच्या पायथ्याला गाडी लावली, देवाला हात जोडायला थोडा वर चढलो, परत येतो तर दाराची काच फुटलेली आणि डोळ्यांची पुडी गायब. सोनार मंडळी दागिना गुलाबी कागदाच्या चपट्या पुडीत बांधून देतात, तशीच ती पुडी होती. बाप शेजारी उभा होता. गावाचं सोनं त्याच्या घरच्या माणसाच्या हातून गेलं होतं आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

ठाणे अंमलदार फिर्याद लिहून घेतोय तोच फोन आला. नाव सांगायला तयार नसलेला माणूस म्हणाला, "सायेब, पायथ्याला त्येचीच मेंढरं बसल्यात. हातात गोफण असती त्येच्या. दुसरं कोण फोडणार काच?"

'तो' म्हणजे गावातला एक मेंढपाळ. गंमत बघा, देवाला हात लावायचा मान त्याच्याच घराण्याचा होता. दुसऱ्या दिवशी ते सोन्याचे डोळे देवाला त्यानंच बसवायचे होते.

मी पंचांना घेऊन आधी जागेवर गेलो. माळावर वारा सुटला होता, गवत वाळून सोनेरी झालं होतं, वर डोंगर उन्हात झोपल्यासारखा. मला ते दृश्य बघत तासभर बसावंसं वाटत होतं, पण सरकार त्यासाठी पगार देत नाही. मी खाली वाकून मुरूम बघायला लागलो. गाडीच्या दाराची काच फुटली की तिचे लांब तुकडे होत नाहीत, ज्वारीच्या दाण्यासारखा चुरा होतो. तो चुरा चारी बाजूंना उडतो. इथं जमिनीवर एक दाणा नव्हता. गाडीच्या सीटवर मूठभर होता, बस. एवढ्या मोठ्या काचेचा बाकीचा चुरा गेला कुठे? पंचनाम्यात मी तेवढंच लिहिलं आणि मेंढपाळाला चौकशीसाठी घेऊन आलो. त्याची बायको मेंढरांत उभी राहून आमची जीप जाईपर्यंत बघत होती.

माणूस साठीच्या आतबाहेरचा, उंच, डोक्याला लाल पटका. खुर्ची दिली तर बसेना, म्हणाला, "खाली बरा हाय मी."

"गोफण कशाला बाळगतोस?"

"लांडग्याला. आन वाट सोडल्याल्या मेंढराला."

"काल संध्याकाळी गाडीवर दगड मारलास?"

"न्हाई. गाडी आली तवा मी हुतो तितं. पर तिच्या दाराला काच न्हवतीच की."

"खाली केली असेल."

"केली असंल बी. मी मेंढरं राखतो सायेब, काचा राखत न्हाई."

मला हसू आलं, पण आवरलं. मी आवाज चढवून बघितला, गोड बोलून बघितलं, तोच प्रश्न उलटा करून विचारला. खोटं बोलणारा माणूस प्रत्येक वेळी थोडी नवी भर घालतो, हा माझा अनुभव. यानं भर घातली नाही. तेवढंच सांगितलं आणि मग माझ्याकडे न बघता बोलू लागला.

"आवं, डोळं गावलं न्हाईत तर देव हाय तसा ऱ्हाईल. त्येला काय कमी दिसतंय व्हय? पर चोराचा हात म्हनून गाव मला शिवू देनार न्हाई. माज्या बाचा हात, त्येच्या बाचा हात त्या देवाला लागलाय. माज्यापातूर येऊन ते तुटलं, तर मी कुनाला तोंड दावू?"

मला त्या क्षणी वाटलं की हा माणूस खरं बोलतोय. पण वाटण्यावर तपास चालत नाही. बाहेर ठाण्याच्या फाटकाशी गावातली माणसं जमली होती आणि त्यांचा निकाल लागून चुकला होता. मी मुलाच्या मोबाईलचं लोकेशन मागवलं होतं, पण ते लगेच हातात येणार नव्हतं. यात्रा मात्र उद्यावर आली होती.

मुलाची सकाळपासून एकच भुणभुण चालली होती. "साहेब, काच बसवून घेऊ का? पाऊस आला तर आतलं सगळं खराब होईल." आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. मी म्हटलं, "पंचनामा झालाय, फोटो काढलेत, पण बसवायची ती ठाण्याच्या आवारात, माझ्यासमोर." गाडीची काच फुटली तर लोक लगेच ती झाडून-पुसून गॅरेजला पळवतात. तसं करू नये. आधी फोटो काढावेत, काय कुठं पडलंय ते बघावं. पुसलेला पुरावा परत आणता येत नाही.

दुपारी सांगलीहून काचवाला आला. स्वतःचं मोठं दुकान असलेला, बोलका गृहस्थ. खोक्यातून काच काढता काढता त्यानं मुलाला शिकवायला सुरुवात केली. "ही काच साध्या गाडीची नव्हे, दादा. दार उघडलं की ही बोटभर खाली सरकते, दार लागलं की वर जाऊन छताच्या रबरात बसते. बॅटरी उतरली असंल तर सरकत नाही. तशात दार आपटलं की फुटलीच म्हणून समजायचं. बसवल्यावर वर-खाली करून तिला जागा शिकवावी लागते, न्हाईतर पाणी गळतंय." मग माझ्याकडे वळून कौतुकानं म्हणाला, "आन ही जवळपास कुठं मिळत न्हाई, सायेब. ह्येंचा परवा दुपारी फोन आला, म्हणून आज पोचली तरी."

मी म्हटलं, "परवा?"

"व्हय. परवा. जेवायला बसलो हुतो तवा."

काच काल संध्याकाळी फुटली असं फिर्यादीत लिहिलं होतं. मी मुलाकडे बघितलं. तो गाडीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. बापाला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं विचारलं, "कुठं फुटली रं?"

"महाबळेश्वरला."

मग सगळं बाहेर आलं. मुलगा थेट गावी न येता मित्रांना गाडी दाखवायला महाबळेश्वरला गेला होता. दाट धुकं, भुरभुर पाऊस, हाताला हात दिसेना. रात्रभर गाणी लावून बॅटरी उतरलेली. सकाळी त्यानं दार आपटलं आणि काचेचा चुरा झाला. धुक्यात बाहीनं सगळं झटकलं, गाडी ढकलून चालू केली, थोडं पुढं आल्यावर बघतो तर पुडी नाही. वाटलं, गर्दीत कुणीतरी उचलली.

"देवाचं डोळं घेऊन मजा मारायला गेलो, हे गावाला कसं सांगू, अण्णा?" असं म्हणून तो रडायला लागला. "मेंढरं बसलेली दिसली. गोफण दिसली. गावात कुणीतरी विचारलं, तर त्यांचं नाव तोंडातून निघून गेलं."

बापानं हात उचलला होता. मी मधे पडलो, कारण माझा प्रश्न अजून शिल्लक होता. "पुडी गाडीत ठेवली कुठं होतीस?"

"पुढं काचेखाली, दाराच्या कोपऱ्यात. सगळ्यात वर. देवाची वस्तू पायाशी कशी ठेवायची? ह्या गाडीत बाकी सगळं पायाशीच येतंय."

काचवाल्यानं तोवर दाराचं आतलं आवरण उघडलं होतं आणि चुरा ओढायचं यंत्र सुरू केलं होतं. एवढ्यात बाप ओरडला, "मशीन बंद कर! हातानं काढ चुरा."

"आवं, काचाच हायत. काय करायच्या?"

"आमच्या धंद्यात केर टाकत न्हाईत. दुकानातली धूळ आमी वर्षभर राखतो, पायपुसणं सुद्धा जाळून त्येची राख गाळतो. माज्या गाडीतला दाणा मी बगितल्याबिगर जाणार न्हाई." त्यानं खांद्यावरचं पांढरं उपरणं काढून आवारातल्या कडुनिंबाखाली पसरलं.

मी पंचांना जवळ बोलावलं. काचवाला हसत हसत पोकळीत हात घालून ओंजळी बाहेर काढू लागला. महाबळेश्वरपासून इथवर आलेला तो सगळा चुरा दारातच होता. निंबाच्या सावलीतून ऊन झिरपत होतं आणि उपरण्यावर दाण्यांचा ढीग लखलखत वाढत होता. कुठल्याशा दुसऱ्याच जगात आल्यासारखं मला वाटत होतं. मग वरचे दाणे गुलाबी निघायला लागले. कोणाला काही समजेना. पुढच्या ओंजळीत भिजून वाळलेला, गुलाबी रंग उतरलेला पुडीचा कागद आला आणि तो उघडला तसे दोन डोळे आमच्याकडे बघू लागले.

बाहीनं चुरा झटकला तेव्हा चपटी पुडी काचेच्या रिकाम्या फटीतून दारात उतरली होती. बाप लहान मुलासारखा रडला. मीही दुसरीकडे तोंड फिरवलं, खोटं कशाला सांगू.

पंचनामा झाला. मुलाचा पुरवणी जबाब घेतला, खोटी खबर दिल्याचा अहवाल वेगळा पाठवला. त्यात दयामाया केली नाही. डोळे रीतसर परवानगी घेऊन गावाच्या स्वाधीन केले. मेंढपाळाला म्हटलं, "जा तू आता, मोकळा आहेस." तो जागचा हलला नाही.

"कसा जाऊ, सायेब? आनलं जिपीतनं सगळ्या गावासमूर. जाऊ मागल्या दारानं?"

मला त्याचं म्हणणं पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूर्ण गणवेश घातला आणि त्याच्या बरोबर गावच्या वेशीपासून डोंगरापर्यंत पायी गेलो. मागे बाप, आणि त्याच्या मागे अनवाणी मुलगा, उघड्या तळहातावर डोळे घेऊन. मेंढपाळाची बायको वाटेत उभी होती. तिनं नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाली, "न्हेला तवा हसत हुता त्यो."

देवळात धूर, ढोल आणि भंडारा. हवाच पिवळी झाली होती. तिथली रीत अशी की मानकऱ्यानं देवाला शिवण्याआधी गावाकडे वळून विचारायचं, "लावू का हात?" आणि गावानं एका सुरात "लाव" म्हणायचं. त्यानं विचारलं. ढोल थांबले. कोणी बोलेना. नको होतं म्हणून नव्हे, सगळ्यांच्या माना खाली गेल्या होत्या. त्यानं पुन्हा विचारलं, तरी तेच. मी पोलीस, त्या गावचा नव्हे. माझं उत्तर तिथं चालत नव्हतं.

मग तोच म्हणाला, "बोला की रं गड्यांनो. हात त्योच हाय माजा."

मागून पहिला आवाज आला तो त्या मुलाचा, फाटलेला. "लावा, आबा!" आणि मग सगळा डोंगर ओरडला.

या केसनं मला शिकवलं ते एवढंच. गुन्हा शाबित करायला पुरावा पुरतो, पण संशयावरून उचललेल्या माणसाला निर्दोष म्हणून सोडायचं काम कागदावर पुरं होत नाही. जिथून त्याला उचललं तिथं, त्याच माणसांसमोर, त्याला परत नेऊन उभं करावं लागतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी सोडलेल्या प्रत्येक माणसाबरोबर त्याच्या घरापर्यंत चालत गेलो. दोन-तीन ठिकाणी मला दारातूनच हाकललं, आणि ते मी निमूट ऐकून घेतलं.