दहावा चिंचोका

त्या दिवशी शाळंच्या पडवीत आमी चौघी हुतो. चौथीच्या सुमनबाई. रंगूवहिनीची पोरगी रेश्मा. भाजी निवडत बसलेली माझी जाऊ हौसा, तिला ऐकू कमी यायचं. आन चुलीपाशी मी — पोरांचा भात शिजवणारी, सगळ्यांची काकी. हौसा वारली. बाई बदली होऊन गेल्या. रेश्मा हाय, मी हाय. आन खरं काय झालं ते मी सोडून कुणाला ठावं न्हाय. आजपातुर कुणाला बोललो न्हाय. तुमाला सांगतो.

शाळा आमची गगनबावड्याकडच्या वाटंवर. पावसात लाकडं वली, चूल नुसती धुमसायची. मालक वारलेले, पदरात दोन पोरं. त्या भातावर आमचं घर चालायचं. हे रडगाणं म्हणून सांगत न्हाय. तसंच हुतं, एवढंच.

सुमनबाईंची एक रीत हुती. पेपर तर त्या घ्यायच्याच. पण म्हणायच्या, पेपरात पोर शेजारचं बघून बी लिवतंय — धडा डोक्यात गेला का न्हाय, कसं कळायचं? तर पोरानं माझ्यापुढं येऊन बसायचं आन शिकलेलं सांगायचं. मला अक्षर येत नव्हतं. म्हणूनच मला धरलं की! "काकींना समजलं, म्हणजे तुला समजलं," असं बाई म्हणायच्या. मला समजलं की त्याच्या डबीत मी एक चिंचोका टाकायचा. वर्षाला दहा. तालुक्याच्या गावी एक वसतिगृहाची चांगली शाळा हुती. तिथं आमच्यातलं एकच पोर जाणार — पेपराचे मार्क आन चिंचोके, दोन्ही बघून.

रेश्माचे नऊ झालते. तिच्याच वर्गातल्या सुलीचे बी नऊ. पेपरात रेश्मा वर हुती.

आता रेश्माच्या आईचं, रंगूवहिनीचं, सांगायला पायजे. सांगू का नको, असं अजून वाटतंय. पालकांच्या मिटिंगीत ती उठली आन सगळ्यांदेखत म्हणाली, "भातात खडं निघत्यात. ह्या बाईला डोळं हायत का बटणं?" सगळी हसली. हेडमास्तर बी. माझं काम जायचं ते थोडक्यात वाचलं. आन खरं सांगू? खडं हुतं. धुरानं माझं डोळं भरलेलं असायचं, तांदळातलं खडं दिसायचं न्हाईत. तिचं काय चुकलं?

पण माझ्या पोटात ते बसलं.

तर त्या दिवशी पडवीत रेश्मा माझ्यापुढं बसली. दहावा धडा — तिसरा हिस्सा मोठा का चौथा? तिनं दुपारची भाकरी घेतली. म्हणाली, "काकी, तीन माणसं जेवाय बसली तर एकेकाला एवढी. चौथं आलं तर एवढी. माणसं वाढली की तुकडा बारीक." मोडून दावली. झालं. ह्याच्यापरीस सोपं कोण सांगणार?

मी म्हणालो, "मला न्हाय कळलं."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच बघितलं. मग म्हणाल्या, "रेश्मा, उद्या दुसऱ्या तऱ्हेनं सांग."

दुसऱ्या दिवशी तिनं सुतळी आणली. मग तांब्यातलं पाणी. मग कोळशानं फरशीवर आकडे काढले आन मला एकेक गिरवाय लावला. शेवटी म्हणाली, "काकी, चाळीस पोरांत भात वाटताय की रोज! मग हे कसं कळंना?" मी म्हणालो, "भात येगळा, गणित येगळं." ती हसली — तिला वाटलं खरंच की काय. आठ दिवस हे चाललं. डबी माझ्या मांडीला लागून, चिंचोका माझ्या मुठीत.

शनिवारी त्या वसतिगृहाच्या शाळंला यादी गेली. सुलीचे दहा झालते, यादीत तिचं नाव गेलं. सोमवारी मी रेश्माच्या डबीत चिंचोका टाकला. म्हणालो, "आता कळलं बाई." पोरगी अशी नाचली! वर्गावर्गात जाऊन सांगून आली — काकीला कळलं, काकीला कळलं.

ते नाचणं मला अजून दिसतंय.

त्या आकड्यांनंतर तिनंच मला अक्षरं शिकवली, कोळशानं. आता मी कळंब्याला ल्योकाकडं असतो. बसची पाटी वाचतो, गोळ्यांचं पाकीट वाचतो, हे बी माझ्याच हातानं लिवलंय. सून चांगली हाय, दोन येळंला गरम खातो. सुखात हाय म्हणा की.

रेश्मा गावातच शिकली. दूध डेअरीत दूध तपासती, दोन पोरं हायत. गेल्या दिवाळीला घेऊन आलती. पोरांना म्हणाली, "ह्या काकीनं मला एकच गोष्ट आठ दिवस सांगाय लावली. म्हणून मला समजावून सांगाय येतंय." आन माझ्या पाया पडली. मी काय केलं? चहा ठेवला. साखर दोनदा टाकली.

तिचं बरं झालं, म्हणून माझं खोटं खरं होत न्हाय. त्या शाळंत गेली असती तर काय झाली असती, मला काय ठावं? तिला बी न्हाय. ते मी तिला बघूच दिलं न्हाय.

वाचणाऱ्याला एकच सांगतो. एखादं पोर तुमच्यापुढं बसून काय समजावाय लागलं, आन तुमाला समजलं असंल — तर समजलं म्हणा. त्याच दिवशी म्हणा.