घरटी एक छत्री, एक रिक्षा

धुळाजीचा कल कुणीकडं आहे, हे पाटोद्याच्या पलीकडल्या त्या गावात कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यावरच धुळाजीचं पोट होतं. ऐंशी मेंढरांचा धनी. सुगी संपली की एकेकाच्या रानात मेंढरं बसवायची. चार मुक्कामांत जमिनीला लेंड्यांचं खत मिळतं, मेंढरांना चारापाणी, मेंढरांच्या धन्याला थोडी ज्वारी. मोठी रानं गावात दोघांचीच, रामकिसन अण्णांची आणि तात्याबाची. हे दोघे एकमेकांच्या लग्नाकार्याला फिरकत नाहीत, मयतीला मात्र आवर्जून जातात. धुळाजी दोघांकडे जाई. ज्याच्या बांधावर उभा असेल त्याला म्हणे, "तुमच्याबिगर आमाला हाय कोण?" हा प्रश्न आहे, शब्द दिलेला नाही, हे तीस वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

यंदा ग्रामपंचायत लागली. सरपंचपद महिलेसाठी राखीव, म्हणून मशीनवर अण्णांच्या तुळजाबाई आणि तात्याबाच्या मंजुळाबाई. शड्डू मात्र नवऱ्यांनी ठोकले. अण्णांची निशाणी छत्री, तात्याबाची रिक्षा. अण्णांनी गावातल्या भिंती जांभळ्या करून घेतल्या. जांभळ्याच का, तर तो रंग दुकानात बरीच वर्षं पडून होता.

त्याच आठवड्यात धुळाजीनं मेंढरं कातरली. कातरल्यावर पाठीवर खूण लागते, नाहीतर दुसऱ्याच्या कळपात गेलेलं मेंढरू ओळखू येत नाही. खुणेचा गेरू बायकोनं, भिवराबाईनं, दिवाळीत ओट्याला फासून संपवला होता. शेजारच्या बिनलग्नाच्या सटवाच्या भिंतीवर छत्री काढायला आलेला पेंटर अर्धा डबा विसरून गेला होता. फुकटचा रंग वाया कशाला घालवा, म्हणून धुळाजीनं ऐंशी पाठींवर ऐंशी जांभळे ठिपके दिले.

कळप तात्याबाच्या बांधाला लागला, तेव्हा तात्याबा विहिरीपाशी दात घासत होता. तो घासायचा थांबला.

"आरं धुळाजी, एवढा खर्च केलास, मग छत्रीबी काढायची की!"

"कसली छत्री?"

"मला इचारतूस व्हय? ने तिकडंच. औंदा माज्या रानात मेंढरं बसवायची न्हाईत."

धुळाजी परत फिरला, तर वाटेत अण्णा मोटारसायकलवरून उतरले. त्यांनी मेंढरांसोबत फोटो काढला आणि दुपारपर्यंत तो तालुकाभर पाठवला. खाली ओळ होती: 'आमच्यासोबत मुकी जनावरंही.'

"रंग का लावला त्ये सांगून टाका की अण्णाला," भिवराबाई म्हणाली.

"सांगितलं तर त्येचंबी रान गेलं."

"मग धुऊन काढा."

"आईलपेंट हाय. पुढल्या कातरणीलाच जाईल."

"तुमची अक्कल तरी तवर येती का बघू."

प्रश्न एकट्या धुळाजीचा राहिला नव्हता. मेंढक्यांच्या सगळ्या वस्तीची मेंढरं याच दोन रानांवर जगत. वस्ती म्हणजे अख्खा वॉर्ड तीन, मतं एकशे त्र्याऐंशी, आणि मोजणीत वॉर्डाचा आकडा उघडा पडतो. छत्री जास्त निघाली तर तात्याबाचं रान बंद, रिक्षा जास्त निघाली तर अण्णांचं.

धुळाजीनं देवळापुढं वस्ती बसवली. दोन शेतकऱ्यांना एकाच दिवशी मेंढरं हवी असली, की मेंढके कळप जोडीजोडीनं मोजतात, एक इकडं, एक तिकडं. त्यानं तीच रीत माणसांना लावली.

"घरटी एक छत्री, एक रिक्षा. कोण कुणीकडं ते नवराबायकोनं ठरवा. मला सांगू नका."

देवाचा भंडारा उचलून सगळ्यांनी शपथ घेतली. घरोघरी जी भांडणं झाली, त्यांत राजकारण थोडं आणि जुना हिशेब जास्त होता. मुलं, सुना, म्हाताऱ्या, सगळ्यांच्या जोड्या लागल्या. साखराबाई आणि तिची जाऊ, दोघी विधवा, बारा वर्षांचा अबोला. एकमेकींचं मत मारायला मिळतंय म्हटल्यावर दोघी एका बोलावर तयार झाल्या. अंगद आणि त्याची बायको बबिता कारखान्यावर ऊस तोडत होते. त्यांना फोन गेला, "दोघं या, न्हाईतर दोघंबी ऱ्हावा. एकटं कुणी यायचं न्हाई." दोघे आले. आणायला जीप अण्णांनी पाठवली होती. एकटा उरला सटवा.

"मी कुणाला देऊ?"

"तुला जोडीदार न्हाई. तू 'नोटा' दाब."

"म्हंजी लग्न न्हाई झालं त्याची बी शिक्षा व्हय?"

मतदानादिवशी घरोघर एकमेकांवर पहारा होता. दुपारी दोनला एकशे त्र्याऐंशीपैकी एकशे त्र्याऐंशी मतं पडली होती. तालुक्याहून आलेले साहेब इतके हरखले, की त्यांनी धुळाजीला उन्हात उभं करून त्याचा फोटो काढला.

"शंभर टक्के! एवढी जागृती केलीत कशी?"

"मोजून केली, साहेब."

मोजणीत वॉर्ड तीन असा निघाला: छत्री एक्याण्णव, रिक्षा एक्याण्णव, नोटा एक. दुसऱ्या वॉर्डांच्या जोरावर मंजुळाबाई चौदा मतांनी निवडून आल्या.

अण्णा आतून धुमसले. पण ज्या मेंढरांसोबतचा फोटो तालुक्यानं पाहिला, त्यांना रानातून हाकलणं म्हणजे स्वतःच्या तोंडानं नाक कापल्याचं कबूल करणं. त्यांनी निरोप धाडला, सोमवारी मेंढरं आणा.

तात्याबानं गुलाल धुतला आणि हिशेब मांडला. पाठीला रंग लागूनसुद्धा निम्मी वस्ती आपल्याकडं राहिली, म्हणजे माणसं इमानी. शनिवारी त्यानं धुळाजीला बोलावून घेतलं. कळप रानात शिरला, ज्वारीच्या धाटांत तोंडं घालून पसरला.

तात्याबा धुळाजीच्या जवळ सरकला. "आता जिंकलो मी. आता लपवायचं काय त्यात? तुमच्या घरातली रिक्षा कुणाची, तुजी का वहिनींची?"

धुळाजीनं घसा खाकरला. त्याच्या आधी कळपामागून आलेली भिवराबाई बोलली.

"तात्या, मेंढरं तानलीत. आदी हौद भरा बरं."

तात्याबा मोटार चालू करायला विहिरीकडं गेला.