खांदे हलवून रडणं

मालिकेत कुणी मेलं की बायकोचा पदर डोळ्यांना लागायचा आणि माझं तोंड सुरू व्हायचं. "बघ, नुसते खांदे हलतायत, डोळे कोरडेठाक! याला काय अभिनय म्हणतात?" सिनेमातला बाप गोळी लागल्यावर भाषण ठोकतो, मालिकेतली आई आठवडाभर शेवटचा श्वास घेते. मी एकालाही धड मरू दिलं नाही. हळूहळू बायकोचं रडणं थांबलं. वाटलं, चला, हिला जाण आली.

परवा माझा थोरला भाऊ गेला. त्याच्या पायाशी बसून मी हमसून हमसून रडत होतो. वर पाहिलं तर बायको मान किंचित तिरकी करून, डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती. मी टीव्हीकडे बघतो, अगदी तशी.

घरी आल्यावर तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि शांतपणे म्हणाली, "खांदे जरा जास्तच हलले."