भोंग्याला जुळवलेलं व्हायोलिन

आमच्या गल्लीतले फिटर आजोबा रिटायर झाले, तरी कारखान्याचा आठचा भोंगा सोडेनात. भोंगा वाजला की व्हायोलिनची दुसरी तार त्याला जुळवायची, हा तीस वर्षांचा नेम. आणि सूर बरोबर लागायचा. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही, पण लागायचा.

त्या भोंग्याने तान्ही पोरं दचकून उठायची. तीन वर्षं अर्ज करून आणि दोनदा ठिय्या देऊन मी तो बदलायला लावला. नवा वाजला तो नेमका आजोबांच्या नातीच्या, त्याच व्हायोलिनवरच्या, परीक्षेच्या सकाळी. पास झाली तरच तिला शाळेच्या वाद्यवृंदात जागा होती.

नवा भोंगा आवाजाने लहान, सुराने चढा. आजोबांना वाटलं, गारठ्याने तार उतरली. पिळली खुंटी. एक तार चढवली की बाकीच्याही चढवाव्या लागतात; जाड तार सा धरली तर शेजारची बारीक तिचा प, असं चारही तारांचं नातं. त्यात सगळ्यात बारीक पहिली तार तुटायच्या बेताला आली.

दोघांना स्कूटरवरून मीच सोडलं, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. नातीचं नाव पुकारलं आणि तार फट्कन तुटली.

आजोबांनी खिशातली नवी तार चढवली. परीक्षक बाई म्हणाल्या, "पियानोवरून सूर घ्या."

आजोबांनी ऐकला. "तुमचा पियानो उतरलाय."

"काल जुळवलाय."

"मग कालच उतरवलाय."

"आजोबा," नात दबक्या आवाजात म्हणाली, "परीक्षा माझी आहे. पियानोची नाही."

म्हाताऱ्याने खुंटी धरली. आधी दुसरी तार पियानोला उतरवली, मग बाकीच्या. नवी तार ताणून सैल पडते, म्हणून ती तीनदा ओढून घेतली. मधेच माझ्याकडे पाहिलं. "पुढारीणबाई, भोंगा बदललात का?"

"बदलला. तुमचे कान काय करत होते?"

"विश्वास ठेवत होते."

 

नात पास झाली. संध्याकाळी आजोबा माझ्या दारात हजर. मला वाटलं, जुना भोंगा मागणार.

"तो नको. नव्याला पियानोच्या सुरात आणायला सांगा. लिहा अर्ज."

लिहिला. कारखान्याचे साहेब हसले. हसू देत, परवा ठिय्या आहे. आजोबा व्हायोलिन घेऊन येणार आहेत.